पलीकडच्या काठावरून

डेलावेअर नदीच्या पूर्वेला, जर्सीच्या काठावरून जॉर्ज हीप नावाच्या माणसानं १७५२ च्या सुमारास फिलाडेल्फिया शहर काढलं. समोर शहर, मध्ये रुंद पाणी, पाण्यात गलबतं. धक्के, वखारी, विटांची घरं, धुराडी आणि छपरांच्या ओळीतून वर आलेले मोजके मनोरे, असा सगळा काठ त्यानं एका लांबच लांब पट्टीत ओढून घेतला. चित्र घेऊन तो लंडनला जाणार होता. त्याआधीच, त्या वर्षाच्या डिसेंबरात तो वारला. पेनसिल्व्हानियाचा मुख्य भूमापक निकोलस स्कल हा त्याचा सहकारी. त्यानं काम पुढं नेलं. लंडनमध्ये ते चित्र तांब्याच्या पत्र्यांवर कोरलं गेलं, चार कागदांवर छापून जोडलं गेलं आणि १७५४ साली लोकांपुढं आलं. जोडलेल्या चित्राची लांबी सात फुटांच्या आसपास भरते.

मूळ छपाईच्या प्रती आता अगदी थोड्या उरल्या आहेत आणि त्या ग्रंथालयांच्या नि संग्रहालयांच्या कपाटांत आहेत. मलकापुरात, आगाशिवनगरच्या आमच्या घरात आहे ती तिची आजच्या यंत्रावर छापलेली नक्कल. माझी भाची न्यू जर्सीत चेरी हिलला राहते आणि नोकरीला फिलाडेल्फियात जाते. रोज सकाळी बेंजामिन फ्रँकलिन पुलावरून नदी ओलांडायची, संध्याकाळी परत यायचं. हीपनं जो काठ निवडला त्याच काठाकडचा तिचा संसार. मागच्या खेपेला ती नळीत गुंडाळून ही नक्कल घेऊन आली. "मामा, मी रोज हेच बघते. फक्त आता मध्ये काचेच्या इमारती आल्यात," म्हणाली. चित्र पुऱ्या लांबीचं. हॉलची एकच भिंत त्याला पुरत होती, तिच्यावरचं कॅलेंडर, घड्याळ, आईवडलांचे फोटो शेजारच्या भिंतीवर गेले. बायकोनं ते आपणहून हलवले. तिला त्यातली नदी आवडली.

मलाही आधी नदीच आवडली. पाणी काढायचं म्हणजे कोरणाऱ्यानं केवळ आडव्या रेषा मारल्या आहेत. जवळच्या पाण्यात रेषा जाड आणि जराशा हलत्या, लांबच्या पाण्यात बारीक आणि सरळ. जिथं गलबताची सावली पडते तिथं रेषा दाट होतात, एवढंच. राखाडी रंग कुठंच नाही. काळी रेष आणि कागदाचा पांढरा, दोनच गोष्टी. तरी उभं राहून बघत बसलं की पाणी वाहू लागतं. आभाळही तसंच, समांतर रेषांचं. एका मर्यादेपलीकडे जवळ गेलं की सगळं शहर विरघळतं आणि नुसता हाताचा वेग उरतो. मग दोन पावलं मागं यायचं आणि शहर पुन्हा जागेवर बसतं. दुपारी घर निवांत असतं तेव्हा मी हा खेळ खेळतो.

हे चित्र कुणासाठी काढलं, हे कळल्यावर मात्र त्याच्याकडे बघण्याची माझी नजर बदलली. फिलाडेल्फिया वसवलं विल्यम पेननं, १६८२ साली. त्याचा मुलगा टॉमस पेन हा त्या साऱ्या मुलखाचा धनी, पण राहायला इंग्लंडात. आपलं शहर आता कसं दिसतं हे त्याला घरबसल्या पाहायचं होतं आणि इतरांना दाखवायचं होतं. तिथला त्याचा कारभारी रिचर्ड पीटर्स यानं कळवलं की मनोरे नसल्यामुळे चित्रात शहर फार केविलवाणं दिसेल. जमीन सपाट, घरं बैठी, लांबून बघितलं तर डोळा अडेल असं काही नाही. मग छापलेल्या चित्रात मनोरे वास्तवापेक्षा उंच झाले. क्राइस्ट चर्चचा मनोरा तर हीपनं चित्र काढलं तेव्हा बांधून पुरा व्हायचा होता. चित्रात तो दिमाखात उभा आहे. खाली आकडे घालून कुठली इमारत कोणती हे लिहिलं आहे. धन्यानं बोट ठेवून विचारावं आणि उत्तर खाली सापडावं, अशी सोय.

त्या काळच्या अमेरिकेतल्या शहरांची जी कोरीव चित्रं झाली ती बहुतेक अशी पाण्यावरून बघितलेली. विल्यम बर्जिसनं १७२० च्या आगेमागे न्यू यॉर्क काढलं ते ईस्ट नदीच्या पलीकडून, बोस्टन काढलं ते बंदरातून. येणाऱ्या जहाजाला जे दिसतं ते शहराचं तोंड. बोस्टनच्या पत्र्याची गोष्ट मला फार आवडते. १७२५ च्या सुमाराचा तो पत्रा पुढं १७४३ साली पुन्हा बाहेर काढला गेला, आणि मधल्या वर्षांत शहरात जी नवी देवळं, नव्या इमारती उठल्या होत्या त्या त्याच तांब्यावर नव्यानं कोरल्या गेल्या. शहर वाढलं तसा पत्राही वाढला. जुन्या रेषा घासून काढायच्या, तांबं मागून ठोकून सपाट करायचं आणि त्या जागी नवा मनोरा बसवायचा. असं दुरुस्त होत जाणारं चित्र आपल्या गावाचं असावं, असं मला फार वाटतं. त्याबद्दल पुढं बोलेन.

फिलाडेल्फियाचा पत्रा ज्यानं कोरला त्याचं नाव गेरार्ड वॅन्डरगुख्ट. बाप फ्लँडर्समधून, अँटवर्पहून लंडनला आलेला, तोही कोरणाराच. हे नाव वाचलं आणि मी थबकलो, कारण ते मी आधी मुंबईच्या एका चित्राखाली पाहिलं होतं. ईस्ट इंडिया कंपनीनं लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवरच्या आपल्या कचेरीतल्या सभेच्या दालनासाठी १७३१-३२ च्या सुमारास सहा तैलचित्रं करवून घेतली: मुंबई, मद्रास, कलकत्ता, तेल्लिचेरी, सेंट हेलेना आणि केप ऑफ गुड होप. जमीन आणि इमारती जॉर्ज लॅम्बर्टनं रंगवल्या, जहाजं सॅम्युअल स्कॉटनं. दोघांपैकी कुणीही हिंदुस्थानात पाऊल ठेवलेलं नव्हतं. त्या चित्रांवरून १७३६ मध्ये जी छापचित्रं निघाली त्यांवर वॅन्डरगुख्टचा हात आहे. म्हणजे ज्या हातानं मुंबईचा किल्ला, तट आणि तटापुढची कंपनीची जहाजं कोरली, त्याच हातानं अठरा वर्षांनी फिलाडेल्फियाचे धक्के कोरले. दोन्ही शहरं त्याच्याकडे कागदावरून आली. त्याच्या बाकावर पृथ्वीची दोन टोकं एकमेकांना चिकटली होती आणि दोन्हीकडे पाणी एकाच पद्धतीच्या आडव्या रेषांचं होतं.

मुंबईचं ते चित्र कोरलं गेलं तेव्हा साताऱ्यात शाहू महाराज गादीवर होते, बाजीराव उत्तरेत दौडत होता, आणि तीन वर्षांनी चिमाजीअप्पा वसई घेणार होता. मुंबईच्या त्या चित्रात यातलं काही नाही. त्यात डोंगर आहेत, मागं, फिकट. त्या फिकट रेषांच्या पलीकडे आमचा सगळा मुलूख. सातारा, पुणे, कऱ्हाड ही डोंगराआडची गावं; तिथं जहाज लागत नाही, म्हणून ज्याला जहाजांत रस होता त्यानं ती कोरली नाहीत. यात रागावण्यासारखं काही नाही. पण हॉलमधलं हे सात फुटी शहर बघताना मनात सारखं येतं, की आपल्याकडे तांबं होतं, कोरणारे हात होते, नद्या होत्या, नदीकाठी उभी राहिलेली गावं होती. मग आपण काय कोरत होतो?

त्यासाठी आधी हे काम कसं होतं ते बघायला हवं. तांब्याचा पत्रा तोंड दिसेपर्यंत घासायचा. चित्राच्या मुख्य रेषा त्यावर उलट्या उतरवायच्या, डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. मग पोलादी सळईचं तिरकं धारदार टोक तांब्यात रुतवून पुढं ढकलायचं. आपल्याकडे लग्नातल्या भांड्यांवर नाव घालणारा कारागीर बारीक छिन्नीवर हातोडी टिकटिक मारत ठिपक्या-ठिपक्यांनी अक्षर काढतो. इथं हातोडी नाही, तळव्याचा दाब आहे. हत्यार धरलेला हात जवळजवळ जागेवरच असतो, वाळू भरलेल्या चामडी उशीवर ठेवलेला पत्राच दुसऱ्या हातानं फिरवायचा. गोलाई आली की तांबं वळतं. रेषेच्या कडेला उठलेला तांब्याचा कीस खरवडून टाकायचा. चूक झाली तर पत्रा मागून ठोकून पुन्हा सपाट करायचा. एवढं झालं की सगळ्या पत्र्यावर दाट शाई चोळायची आणि पृष्ठभाग आधी फडक्यानं, मग उघड्या तळव्यानं पुसून घ्यायचा. शाई उरते ती खाचांत. ओलसर कागद वर, त्यावर लोकरीचं जाड कापड, आणि दोन रुळांच्या मधून सगळं दाबून काढायचं. कागद खाचांत शिरतो आणि शाई उचलून आणतो. म्हणून खऱ्या छापचित्राच्या चारही बाजूंना पत्र्याच्या कडेची दबलेली खूण असते आणि रेषेवरून बोट फिरवलं तर शाई किंचित उठून लागते. आमच्या नकलेत हे नाही. तिच्यावर बोट सपाट फिरतं, आणि तेवढ्यापुरतं मला चुकल्यासारखं होतं.

तांबं मऊ असतं. दर छपाईला खाचा थोड्या झिजतात. सुरुवातीच्या प्रती काळ्याभोर आणि टोकदार, नंतरच्या फिकट. शेवटी पत्रा मोडीत जातो किंवा त्यावर दुसरं काहीतरी कोरलं जातं. कागदाचीही तीच गत. शहराचं चित्र लोक भिंतीवर लावतात. भिंतीवर ऊन येतं, ओल येते, कसर लागते, पिढी बदलते आणि चित्र माळ्यावर जातं. जे पुस्तकात बांधलं गेलं ते टिकलं. जे आवडीनं बघितलं गेलं ते संपलं. या चित्रांची आजची दुर्मिळता यातून आली आहे, आणि मला ती दुःखाची वाटत नाही. कुणाच्या तरी घरात ती रोज बघितली गेली, एवढं त्यातून कळतं.

आता आपल्याकडचं तांबं. कऱ्हाडात एक ताम्रपट सापडला, राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा, शके ८८० चा, म्हणजे इसवी सन ९५९. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी तो वाचून प्रसिद्ध केला. दानाचा लेख आहे. राजाची वंशावळ आणि मग दान कुणाला काय दिलं याचा तपशील. त्या पत्र्यावरून कुणी छापा घेतला नाही, घ्यायचाही नव्हता. अक्षरं सुलटी आहेत. पत्रा स्वतःच वाचायचा. ज्या घराला दान मिळालं त्या घरानं तो जपायचा, वाद झाला तर पुढं ठेवायचा. वॅन्डरगुख्टच्या बाकावर तांबं हे साधन होतं; छापून झालं की त्याची किंमत मोडीची, मोल कागदाचं. आपल्याकडे कागद आला-गेला, तांबं राहिलं. त्यावर कोरायचं ते वचन, आणि वचनाची प्रत एकच असते. मला वाटतं, आपल्या कोरणाऱ्यांनी शहरं कोरली नाहीत याचं उत्तर थोडंफार इथं आहे. तांब्याकडे आपण वेगळ्या कामासाठी जात होतो.

गावाच्या नावाचं मात्र आपल्याला वेड होतं. मध्य प्रदेशातल्या भारहुतच्या स्तूपाच्या दगडी कठड्यावर कऱ्हाडच्या लोकांनी दिलेल्या दानाची नोंद कोरलेली आहे; तिथं गावाचं नाव करहकट असं येतं. दोन हजार वर्षांहून जुनी गोष्ट. आमच्या या खोऱ्यातून कुणीतरी इतक्या लांब गेलं, गावाच्या नावानं दान दिलं, आणि गाव कसं दिसतं हे न सांगता गाव कुठलं एवढं दगडात ठेवून आलं. आमच्या घराच्या मागं आगाशिवाच्या डोंगरात साठाहून जास्त लेणी आहेत, तीही त्याच सुमाराच्या आणि पुढच्या काळातली. साताऱ्याचा कमिशनर असलेल्या बार्टल फ्रिअरनं १८४९ च्या सुमारास त्यांच्यावर टिपण लिहिलं. मी पोराटोरांना घेऊन तिथं चढतो तेव्हा मुलं लेण्यांत शिरतात आणि मी बाहेर तोंड करून बसतो.

तांब्याच्या या दोन वाटा एकदाच एकमेकींना भेटल्या, आणि त्या भेटीची जागा इथून फार लांब नाही. कऱ्हाडवरून जाणारं कृष्णेचं पाणी सांगलीला जातं, सांगलीशेजारी मिरज. ही गोष्ट मात्र पुण्यात सुरू होते. चार्ल्स मालेट हा इंग्रजांचा वकील १७८६ पासून पेशव्यांच्या दरबारी होता. १७९० साली टिपूविरुद्धचा तह त्यानंच केला. कलकत्त्यात तेव्हा गव्हर्नर जनरल होता कॉर्नवॉलिस, १७८१ मध्ये यॉर्कटाऊनला अमेरिकनांपुढं ज्याच्या फौजेनं शस्त्रं खाली ठेवली तोच. फिलाडेल्फिया ज्यांच्या हातून गेलं त्यांनीच पुण्यात पाय रोवला, इतकी ही माणसं आणि ही वर्षं एकमेकांना लागून आहेत. पुढं मालेटच्या पाठोपाठ जेम्स वेल्स हा चित्रकार पुण्यात आला. सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांना आज आपण ज्या चेहऱ्यांनी ओळखतो ते चेहरे त्याच्या कुंचल्यातले. त्याच्या हाताखाली पुण्यातले लोक नव्या पद्धतीनं चित्र काढायला शिकले. त्यातला गंगाराम चिंतामण तांबट हा सगळ्यांत मोठा. त्यानं वेरूळ काढलं, पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला. त्याची चित्रं आज अमेरिकेत न्यू हेवनला, येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. न्यू हेवन हेही त्या जुन्या वसाहतींतलंच शहर. ज्या मुलखाची शहरं लंडनच्या तांब्यावर कोरली गेली, त्या मुलखानं पुण्याच्या एका तांबटाच्या रेषा जपून ठेवल्या आहेत. मला हे वाचून मनापासून बरं वाटलं.

मालेटच्या आसऱ्यानं पुण्यातला एक तांबट पत्र्यावर उलटं कोरून छापायची विद्याही शिकला. नाना फडणिसांनी त्याच्याकडून भगवद्गीता छापून घ्यायचं मनात आणलं. १८०० साली नाना गेले, पुण्याची घडी विस्कटली. तो कारागीर मिरजेला आला. तिथं गंगाधरराव गोविंद पटवर्धनांनी त्याला आश्रय दिला आणि १८०५ साली तांब्याच्या पत्र्यांवरून गीता छापून निघाली. त्याच वर्षी तिकडं बंगालातल्या श्रीरामपुरात विल्यम केरीचं मराठी व्याकरण सुट्या खिळ्यांवर छापलं जात होतं. पुढं जिंकले ते खिळेच. पण मिरजेच्या त्या गीतेबद्दल मला जे वाटतं ते केरीबद्दल वाटत नाही.

सातशे श्लोक, आणि सगळे उलटे. देवनागरी उलटी कोरायची म्हणजे काय, हे करून बघावं. मी पाटीवर करून बघितलं. शिरोरेघ कुठूनही ओढली तरी ओढता येते, पण काना उलट्या अंगाला जातो, पहिली वेलांटी अक्षराच्या मागं जाते, रफार भलतीकडे झुकतो. आपण अक्षर हातानं लिहितो तेव्हा डोळ्याला विचारत नाही. उलटं लिहिताना दर अक्षराला थांबून डोळ्याला विचारावं लागतं. त्या माणसाला तर ते अक्षर तांब्यात रुतवायचं होतं. बापजाद्यांनी हंडे, कळश्या, पराती ठोकल्या, कडेला वेलबुट्टी काढली. त्यानं तेच तांबं घेतलं आणि ते पुसून, शाई भरून, कागदाला दिलं. पूर्वी एकाच घरात ठेवायचं वचन तांब्यावर जायचं. आता तांब्यावरून अनेक घरांत वचन निघालं. मिरजेच्या त्या रुळांखालून पहिला ओला कागद निघाला तेव्हा सगळ्यांनी वाकून बघितलं असेल, आणि तांबटानं आधी अनुस्वार बघितले असतील, असं मला वाटतं.

त्यानं गीता निवडली, किंवा त्याच्याकडून ती निवडून घेतली गेली, यात नवल नाही. तरी माझी एक हळहळ आहे. एखादा उरलेला पत्रा त्याच्याकडे असता, आणि एखाद्या दुपारी त्यानं कृष्णेचा घाट, मिरजेचा किल्ला आणि मीरासाहेबांचा दर्गा कोरला असता, तर आज आपल्याकडे आतल्या माणसानं कोरलेलं एक गाव असतं. हे शक्य होतं, कारण तसं दुसरीकडे झालेलं आहे. बोस्टनच्या पॉल रेव्हिअरचं उदाहरण माझ्या मनात सारखं येतं. तो चांदीकाम करणारा. चांदीच्या भांड्यांवर नक्षी आणि नावं घालता घालता तो तांबं कोरायला शिकला. म्हातारपणी त्यानं तांब्याचे पत्रे लाटायचा कारखानाच काढला. १७६८ साली इंग्रजांची लढाऊ जहाजं बोस्टनच्या बंदरात येऊन उभी राहिली आणि त्यांतून शिपाई धक्क्यावर उतरले. १७७० मध्ये रेव्हिअरनं ते दृश्य कोरून छापलं. बघण्याची जागा जुनीच, पाण्याच्या बाजूची. पुढं लाँग व्हार्फ, मागं शहर, मनोरे. पण त्यात जहाजं शहराचं वैभव म्हणून उभी नाहीत. त्यांची नावं खाली लिहिली आहेत ती पुढं विसरायची नाहीत म्हणून. रेव्हिअरची रेष वॅन्डरगुख्टच्या पासंगाला पुरत नाही. घरं ठोकळ्यांसारखी, माणसं काड्यांसारखी. तरी मला दोन्हींतलं एक निवडायला सांगितलं तर मी रेव्हिअरचं निवडेन. हीपच्या चित्रातलं शहर दाखवायला मांडलेलं आहे. रेव्हिअरच्या चित्रात कोरणाऱ्याचं स्वतःचं घर त्या छपरांमागं कुठंतरी आहे, आणि ते दिसत नसलं तरी कळतं.

म्हणून हल्ली मी कऱ्हाडचं चित्र मनात मांडत असतो. आधी वाटलं, संगमाच्या पलीकडच्या काठावरून बघावं. कृष्णा आणि कोयना इथं समोरासमोर येऊन भेटतात आणि मिळून पूर्वेला वळतात. पलीकडून बघितलं तर घाटाच्या पायऱ्या, कृष्णाबाईचं देऊळ, यशवंतरावांची समाधी, मागं छपरं, आणि छपरांतून वर आलेले मशिदीचे दोन जुने मनोरे. पीटर्सला हवी होती तशी, डोळा अडणारी जागा कऱ्हाडला होती. पण पाण्यावरून बघितलेलं गाव म्हणजे पुन्हा आलेल्या माणसाचं गाव. आम्ही इथून कुठून येणार? आम्ही आतच आहोत.

मग आगाशिव. लेण्यांच्या ओसरीतून खाली बघितलं तर सगळं येतं. समोर सदाशिवगड, डावीकडे लांब वसंतगड, मध्ये दोन नद्यांची चकाकती वळणं, उसाची हिरवी खाचरं, आणि पायथ्याला मलकापूर. माझ्या लहानपणी मलकापूर म्हणजे कऱ्हाडच्या अलीकडचं एक गाव होतं. आता महामार्ग, उड्डाणपूल, कृष्णा हॉस्पिटलच्या इमारती, बांधकामाच्या सळया, पाण्याच्या उंच टाक्या. चोवीस तास नळाला पाणी देणारं गाव म्हणून राज्यभरातून लोक इथं बघायला आले. ती टाकी चित्रात यायलाच हवी. बोस्टनच्या पत्र्यावर नवं देऊळ कोरलं गेलं तसा आमच्या पत्र्यावर दर काही वर्षांनी नवा मजला कोरावा लागेल, आणि तांबं मागून ठोकून घ्यावं लागेल.

आमच्या ओळीत एक निवृत्त चित्रकला शिक्षक राहतात. कोल्हापुरात शिकत असताना त्यांनी जस्ताच्या पत्र्यावर छापचित्रं केलेली आहेत. भिंतीवरचं फिलाडेल्फिया बघायला ते येतात आणि चहा गार होईपर्यंत रेषांना नाक लावून उभे राहतात. मी माझा बेत सांगितला तेव्हा ते हसले नाहीत. पाऊस सरला की हवा धुतलेली असते, तेव्हा चढू, म्हणाले. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणारी दोन-चार मुलं बरोबर घेऊ, प्रत्येकानं एकेक तुकडा काढायचा, नंतर जोडायचा. पत्रा पुण्याच्या तांबट आळीतून आणू. छापायचा रूळ कोल्हापुरात त्यांच्या ओळखीच्या एकांकडे आहे.

आकड्यांच्या यादीवर मात्र दोन संध्याकाळी गेल्या. क्रमांक एक कुणाचा, यावर आमचं लगेच जमलं: संगम. पुढं कृष्णाबाई, मनोरे, पंतांचा कोट, टिळक हायस्कूल, मार्केट यार्ड. ओगलेवाडीचं स्टेशन इतक्या लांबून दिसत नाही, तरी मुलांच्या हट्टासाठी रेल्वेचा धूर घालायचा की नाही, हे मुलांवर सोडलं. आता धूर येत नाही हे त्यांनाही माहीत आहे. हॉस्पिटल आणि पाण्याची टाकी घ्यायला सरांची हरकत नाही. अडलं ते मलकापूरवर. सरांचं म्हणणं, चित्र काढणारा जिथं उभा असतो त्या जागेला आकडा घालत नाहीत. हीपनं जर्सीच्या काठाला घातला नव्हता. मी म्हटलं, हीपला जर्सीत घर नव्हतं. खाली पायथ्याला आमची ओळ आहे, तिच्यात त्यांचं घर आहे, माझं आहे, आणि मला तिथं आकडा हवा आहे. सर अजून तयार नाहीत. पुढच्या रविवारी ते परत येणार आहेत, येताना मोजपट्टी आणि ट्रेसिंगचा कागद घेऊन.